वाढ करू नये

बर्गेसाहेब चपलांसकट माझ्या स्वयंपाकघरात आला तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते, म्हणून तो वाचला. एरवी मी कुणाला चुलीच्या आसपास फिरकू देत नसे. तोंडावर मी त्याला साहेब म्हणायची. आज म्हणत नाही. आता माझं वय झालं, कुणाला भ्यायचे दिवस गेले.

"बाई," तो म्हणाला, "गुरुवारी दुपारी मंत्रीसाहेब तुमच्याकडे जेवणार आहेत. मागवाल्यांच्या पंगतीत, मांडी घालून."

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच्याकडं बघितलं. चेष्टा करतोय म्हणावं, तर त्या माणसाला चेष्टा येत नव्हती. तो पुरवठ्याचा साहेब. ज्वारी, साखर, रॉकेल, सगळं त्याच्या सहीनं हलायचं, म्हणजे खरं तर हलायचं नाही.

पंचगंगेच्या काठचं आमचं गाव यंत्रमागांचं. पहाटेपासून खटखट सुरू. आमचे मालक गेल्यावर खानावळ मी एकटीनं चालवली. नीलव्वाची खानावळ म्हटलं की टांगेवाला न विचारता आणून सोडायचा. माझे मेंबर, म्हणजे रोजचे जेवणारे, सगळे मागावर पाळी करणारे, निम्मे तेलंगणातून आलेले. बायकापोरं तिकडं, पोट इकडं. मला अव्वा म्हणायचे. सासूबाईंनी घालून दिलेला एकच कायदा मी पाळत होते, तो म्हणजे पोटभर. जेवणारा ताटावर हात आडवा धरत नाही तोवर वाढत राहायचं. सासूबाई म्हणायच्या, मोजून द्यायला आपण काय सोनार आहोत?

आणि त्या साली सरकारला शहाणपण सुचलं. आदल्या वर्षी दुष्काळ होता, तेव्हा ज्वारी नाही हे कुणालाही समजत होतं. पण त्या साली पाऊस चांगला झाला, शिवार पिकलं, ज्वारीची ताटं माणसाच्या डोक्याच्या वर गेली. तेव्हा सरकार म्हणालं, व्यापारी लुटतात, आता ज्वारीचा धंदा आम्ही करणार. शेतकऱ्यानं ज्वारी आम्हालाच घालायची, आम्ही सांगू त्या भावानं. एका जिल्ह्यातलं पोतं दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं नाही. नाक्यावर पोलीस बसवले. झालं! शेतकऱ्यानं ज्वारी जमिनीखालच्या पेवात लपवली, व्यापाऱ्यानं दुकानाला फळ्या लावल्या, आणि सरकारी गोदामात जी गेली ती तिथंच उंदरांच्या लग्नाला पुरली. रेशनवर मिळायचा मिलो नावाचा परदेशी लाल जोंधळा, म्हशीनं हुंगून मान फिरवावी असला. बघता बघता चोरून मिळणारी ज्वारी दुपटीवर गेली. तिच्यामागं डाळ गेली, डाळीमागं तेल गेलं. आमच्यातला एक पेपर वाचणारा म्हणायचा, सरकारला खर्चाला पुरत नाही म्हणून ते नोटा छापतंय, त्यानंही महागाई होते. मला नोटांतलं कळत नव्हतं. कालच्या नोटेला आज गूळ कमी येतो, एवढं कळत होतं.

महागाईची बोंब झाली तेव्हा सरकार दुसऱ्यांदा शहाणं झालं. आतातरी गोदामं उघडावीत की नाही? नाही. त्यांनी आमच्या ताटाचा भाव बांधला. साधं ताट सव्वा रुपया. चुलीत लाकडं आपणच सारायची आणि दूध उतू जातंय म्हणून झाकणावर बसायचं, त्यातली गत. बर्गे स्वतः पाटी घेऊन आला, खुर्चीवर चढून भिंतीला ठोकली आणि खालचं ताकीदवजा वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाचता येतं का, हे त्यानं विचारलंही नाही.

गावातल्या बाकीच्या खानावळवाल्यांनी काय केलं? भाव तोच ठेवला आणि भाकरी बारीक केली. महिन्याभरात तिचा पापड झाला. आमटीत तोंड दिसायला लागलं. बर्गे सगळीकडं फिरून ताटाचा दर विचारायचा, सगळे सव्वा रुपया सांगायचे, तो वर कळवायचा की गावात जेवणाचे भाव स्थिर आहेत. खोटं कुणीच बोलत नव्हतं, हीच तर त्यातली मजा.

माझा धाकटा दीर बसाप्पा मला हेच शिकवायला आला. "वहिनी, सरकारनं भाकरीचा भाव बांधलाय, भाकरी बांधलेली नाही. थोडा हात आखडा."

"भावजी," मी म्हटलं, "हात आखडून भाकरी थापता येत नाही. तुम्ही थापून दाखवा."

तो चपला घालून निघून गेला. मी मात्र आतून पोखरली जात होते. गाठीला होतं ते चोरबाजारातल्या ज्वारीत घालत होते. सव्वा रुपयात पोटभर वाढायचं म्हणजे रोज खड्ड्यात माती टाकायची आणि खड्डा काही भरायचा नाही. ताटाला दोन रुपये घेतले तर बर्गे कुलूप लावणार, भाकरी लहान केली तर सासूबाईंच्या नावाला बट्टा. दोन्हीकडून मेले.

आणखी एक गोष्ट व्हायला लागली, तिनं मी फार पेटले. नरसय्या म्हणून माझा एक जुना मेंबर. उंचापुरा, मनगटं अशी की मागसुद्धा घाबरावा. पाच भाकऱ्यांच्या खाली कधी उठला नव्हता. एका दुपारी मी तिसरी भाकरी घेऊन गेले तर त्यानं ताटावर आडवा हात धरला. दुसऱ्या दिवशी तसंच. मग बघितलं तर सगळी पंगतच दोन भाकऱ्यांवर हात आडवे धरत होती. मी नरसय्याला धारेवर धरलं. माझ्या हाताची चव गेली का, की दुसरी खानावळ धरलीस?

तो खाली बघून म्हणाला, "अव्वा, भूक हाय. पण आम्ही जेवत राहिलो तर तू बंद पडशील. मग आम्ही जायचं कुठं?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माझ्या दारात माणूस उपाशी पोटी पुरे म्हणतो, आणि तेही माझ्यावर दया म्हणून! त्या दिवशी मी सगळ्यांचे हात बाजूला सारून वाढलं. पण कणगीत हात घातला की तळ लागत होता. फार तर पुढच्या सोमवारपर्यंत, पुढं चूल बंद.

नेमका अशा वेळी बर्गे आला, मंत्री जेवायला येणार हे सांगायला. माझीच खानावळ का, ते मी विचारलं. तो मोठ्या मनानं म्हणाला, गावात बाकी ठिकाणचं जेवण तितकंसं बरं राहिलेलं नाही. म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं! पापड झालेली भाकरी त्यालाही दिसत होती. कागदावर तेवढी दिसत नव्हती.

मी नाही म्हणणारच होते. पण त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. परमिट. सरकारी गोदामातून दरमहा ज्वारी, बांधलेल्या भावानं, नीलव्वाच्या खानावळीसाठी. फक्त सही राहिली होती. मंत्री जेवून उठले की त्यांच्याच हातानं देऊ, फोटो निघेल, असं तो म्हणाला. ती ज्वारी मिळाली तर माझी खानावळ पोटभर चालणार होती. मी हो म्हटलं.

बर्गेच्या अटी होत्या. हुकमात साध्या ताटाची व्याख्या होती. दोन भाकऱ्या, एक भाजी, आमटी, मूठभर भात. तेवढंच वाढायचं, एक घास जास्त नाही. मंत्र्यांनी बघायला पाहिजे की सव्वा रुपयाच्या ताटात कामगार तृप्त होतो. मेंबरांना त्यानं अंगणात उभं करून बजावलं, पाहुण्यांसमोर कुणी मागायचं नाही, दोन भाकऱ्या खाऊन समाधानानं हात धुवायचे. समाधान कसं दाखवायचं तेही सांगितलं असतं, पण तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला.

गुरुवारी मंत्री आला. माणूस जाडजूड, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, घामानं भिजलेला. सकाळपासून तीन सभा झाल्या होत्या आणि पोटात चहाशिवाय काही नव्हतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पाटावर बसताना दोघांनी धरलं. उजव्या अंगाला नरसय्या बसवला होता, फोटोत अंगापिंडानं बरा दिसतो म्हणून. बर्गे माझ्या मागं भिंतीला पाठ लावून उभा. पेपरवाले दाराशी.

मी वाढलं. झुणका होता, अख्ख्या मसुराची आमटी, मूठभर भात, वर कच्चा कांदा. खोटं कशाला बोलू, मंत्री जेवायला लागला तेव्हा मला बरं वाटलं. भुकेला माणूस मंत्री असला तरी भुकेलाच दिसतो. आधी दोन घास फोटोसाठी खाल्ले, मग फोटोवाल्यांना विसरला. भाकरी कुस्करून आमटीत कालवली, वाटी तोंडाला लावली. दोन भाकऱ्या कधी संपल्या ते त्यालाच कळलं नाही. आणि चारचौघांत जेवणारा कुणीही म्हणेल तसं, खाली बघतच म्हणाला, "वाढा की."

मी भाकरीची बुट्टी घेऊन उभी राहिले. बर्गेनं मागून खाकरून खूण केली, नको. इकडं माझी पंचाईत. एकाच पंगतीत एकाला वाढायचं आणि शेजारच्याला नाही, हे पाप आमच्यात बाई माणूस मेलं तरी करत नाही. मंत्र्याला तिसरी दिली तर नरसय्यालाही द्यायची, नरसय्याला दिली तर सगळ्या पंगतीला. मग सव्वा रुपयाचं ताट कुठं राहिलं, आणि परमिट कुठं राहिलं?

मंत्र्यानं मान वर केली. "अहो बाई, लाजताय काय? वाढा."

मी सांगते, मी काही ठरवून ठेवलं नव्हतं. भिंतीवरची पाटी समोर होती आणि बर्गेनं ती मला मोठ्यानं वाचून दाखवली होती.

"साहेब, वाढायची बंदी आहे," मी म्हटलं.

"कुणी केली बंदी?"

"तुम्हीच की. ती बघा पाटी. 'कोणत्याही परिस्थितीत वाढ करू नये.' खाली सरकारचं नाव आहे."

पंगतीत घास थांबले. नरसय्याच्या नाकातून आमटी आली. बर्गे माझ्या मागं काहीतरी पुटपुटला, मी वळून बघितलं नाही. मंत्र्यानं पाटी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि लहान पोराला समजवावं तसा म्हणाला, "बाई, ती वाढ वेगळी. ती दराची."

"वेगळी नाही साहेब," मी म्हटलं. "तुमच्या दरात मला ज्वारी मिळत नाही. मिळते त्या दरात तुमचं ताट बसत नाही. तिकडची वाढ थांबवली की इकडची थांबते. ह्या माणसांना विचारा, रोज दोन भाकऱ्यांवर उठतात."

सगळं बोलून झालं होतं. आता हा चिडेल, उठून जाईल, मला आत टाकील, काहीही करील असं वाटलं. त्यातलं काही झालं नाही. तो हसला. मोठ्यानं, पोट हलवून हसला, पेपरवाल्यांकडं वळून म्हणाला की बघा, आमच्या माताभगिनी किती हजरजबाबी आहेत. आणि हात उंच करून म्हणाला, "आज माझ्यातर्फे बंदी उठवली. वाढा सगळ्यांना, पोटभर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पंगतीनंसुद्धा वाजवल्या, भुकेला माणूस बिचारा कशालाही टाळ्या वाजवतो. आणि मी वाढलं. हक्कानं मागितल्यावर न वाढायला मी जन्मले नव्हते. काटवटीतलं पीठ संपलं, कणगी झाडून आणखी मळलं. मंत्र्यानं पाच भाकऱ्या हाणल्या, नरसय्याच्या बरोबरीनं. ज्वारी माझी, औदार्य त्याचं. ढेकर देऊन त्यानं सव्वा रुपया मोजून माझ्या हातावर ठेवला, तेवढ्यात फोटो निघाला, आणि गाड्या धुरळा उडवत गेल्या.

परमिट? बर्गेनं ते खिशातून काढलंच नाही. जाताना दात-ओठ खाऊन म्हणाला, पुढच्या आठवड्यात कचेरीत या. मी गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेले. शिपाई मला बाहेरच्या बाकावर बसवायचा आणि साहेब मागच्या बाजूनं निघून जायचा.

पेपरात फोटो मात्र झकास आला. मंत्री, नरसय्या आणि मी. खाली छापलं होतं, मंत्रिमहोदयांनी कामगारांसमवेत सव्वा रुपयात पोटभर भोजन केले, महागाईची ओरड निराधार असल्याचे स्पष्ट झाले. मी कमरेवर हात ठेवून वाचत उभी राहिले. माझ्याच तोंडच्या बोलण्यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. माझ्याच भाकरीनं मला खोटं पाडलं होतं. इतकी वर्षं झाली, पण तो फोटो आठवला की अजून थुंकावंसं वाटतं.

गुरुवारनंतरचे तीन दिवस उसन्या पिठावर ढकलले आणि सोमवारी मी चूल पेटवली नाही. सारवून घेतली आणि तिच्यासमोर नुसती बसून राहिले. दुपारची पाळी सुटली, आणि मेंबर नेहमीसारखे आले. मी म्हटलं, आता काय बघायला आलात? नरसय्यानं लुंगीचं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं. रेशनचा मिलो. त्याच्यामागं एकेकानं आपापलं गाठोडं ठेवलं, मिलो, थोडी डाळ, कुणी कुठून मिळवलेली ओंजळभर ज्वारी.

"अव्वा, तू आता विकू नकोस," नरसय्या म्हणाला. "पीठ आमचं, हात तुझा. सरकारनं हाताचा भाव बांधलेला नाही."

धंद्यानं मागवाला, पण डोक्यानं वकिलाच्या वर. विकलंच नाही तर दर कसला आणि पाटी कसली? जळणाला आणि माझ्या पोटाला सगळ्यांनी मिळून द्यायचं ठरलं. बसाप्पा चोरबाजारातून आठवड्याची ज्वारी आणायचा, ती मिलोत मिसळून मी भाकरी करायची. लाल, खरबरीत, घशाला घासत जाणारी. पण मोठी करायची, आणि आडवा हात येईपर्यंत वाढायची. मी त्या दिवशी पदरानं डोळे पुसत भाकऱ्या थापल्या आणि धुराला शिव्या दिल्या. पाटी मी काढली नाही, बर्गे येऊन स्वतःच काढून घेऊन गेला. विक्री बंद, म्हणजे पाटीही परत.

नंतर बरेच दिवस त्याचं दर्शन नाही. दिवाळी होऊन गेली. एका दुपारी पंगत उठल्यावर तो अंगणात येऊन उभा राहिला. हातात जर्मनचा डबा. चेहरा उतरलेला, शर्टाची कॉलर झिजलेली. आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, बायकोमुलं कऱ्हाडला आहेत, मी इथं हॉटेलात जेवतो, हल्ली तिथलं परवडत नाही आणि पोटही भरत नाही. तुमच्यात मला घ्या.

मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला महागाई भत्ता असतो ना? महागाई वाढली की तो वाढतो."

त्यानं मान खाली घातली. "नाही वाढला, अव्वा." पहिल्यांदाच त्यानं मला अव्वा म्हटलं. "वरून पत्र आलं. जिल्ह्यातले जेवणाचे भाव स्थिर आहेत, त्यामुळे भत्त्याचा प्रश्न उद्भवत नाही."

"कुणी कळवलं वर, भाव स्थिर आहेत म्हणून?"

 मी फार ताणलं नाही, मेलेल्याला काय मारायचं. मी त्याला आमचा नियम सांगितला. इथं कुणी पैसे टाकून जेवत नाही, प्रत्येकानं आपलं धान्य आणायचं, मग पंगतीत बसायचं, पोटभर मिळेल. रेशनचा मिलो आणलात तरी चालेल.

मिलो त्याच्या पोटाला सोसत नव्हता. त्यानं डबा या हातातून त्या हातात केला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून पुढं सरकला, आणि ज्याच्या सहीशिवाय तालुक्यात दाणा हलत नव्हता त्या पुरवठ्याच्या साहेबानं मला हळूच विचारलं, "अव्वा, ज्वारी मिळते तरी कुठं हो?"

बसाप्पा आणायचा ते ठिकाण मला माहीत होतं. मी त्याला सांगितलं. तुमच्याच गोदामाच्या मागच्या दारानं, साहेब. तुमच्याच राखणदाराला विचारा. भाव दुप्पट आहे, आणि तुम्हाला म्हणून तो कमी करणार नाही.